बीटा म्हणजे ट्रेलर नव्हे

रिलीजआधी गेम सगळ्यांना खेळायला द्यावा, असं म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: 'म्हणजे कंपनीचं काम आपण फुकटात करायचं?' अहो, बीटा नसला तरी टेस्टिंग आपणच करतो. फक्त पूर्ण पैसे मोजून!

'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये पब्लिक बीटाशिवाय आला. प्लेस्टेशन ४ वर तो इतका अडखळत होता, की सोनीने जेमतेम आठवडाभरात तो स्टोअरवरून काढला आणि पैसे परत द्यायला घेतले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॅरियनने 'बाल्डर्स गेट ३'चा फक्त पहिला अंक विकायला काढला, अर्धवट आहे हे सांगून. फासे सारखे उलटे पडतात, अशी खेळाडूंची ओरड झाली. लॅरियनने लागोपाठ वाईट दान पडू नये असा पर्याय दिला. पूर्ण गेम आला ऑगस्ट २०२३ मध्ये. ऐकायला आणि बदलायला जवळपास तीन वर्षं होती.

आता 'बॅटलफील्ड २०४२' बघा. बीटा ऑक्टोबर २०२१ मध्ये, रिलीज १९ नोव्हेंबरला. शिवाय प्री-ऑर्डर करणाऱ्यांना बीटात आधी प्रवेश. दीड महिन्यात दुरुस्त काय होणार? रिलीजनंतर बगच्या तक्रारींचा पाऊस पडलाच.

मोबाइलवर तर बीटा आणखी गरजेचा. अँड्रॉइडचे हजारो मॉडेल कुठला स्टुडिओ टेबलावर मांडणार? तुमचा तीन वर्षं जुना, तापणारा फोनच खरी प्रयोगशाळा आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: बीटा जरूर खेळा, बग कळवा. पण आधी विचारा, रिलीजला किती महिने उरलेत? उत्तर 'काही आठवडे' असेल, तर ती जाहिरात आहे. तिच्यासाठी प्री-ऑर्डर करू नका.