शाल, श्रीफळ आणि ऋण



शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक समारंभांत एक कार्यक्रम हमखास असतो. संस्थेत शिकून बाहेर पडलेले व पुढे नावारूपास आलेले माजी विद्यार्थी व्यासपीठावर बसविले जातात; त्यांना शाल-श्रीफळ दिले जाते, त्यांच्या यशाची हकीकत सांगितली जाते आणि समोर बसलेल्या मुलांना 'तुम्हीही यांच्यासारखे व्हा' असा उपदेश केला जातो. हा रिवाज चांगला आहे. आपल्या लेकरांच्या यशाचे कौतुक घराने करावे, तसे संस्थेनेही करावे. तथापि, सत्कार कोणाचा करावयाचा व कशासाठी करावयाचा, या प्रश्नाचा विचार आपण पुरेसा करतो काय? आजच्या लेखात त्याच प्रश्नाकडे वळावे असे मी योजिले आहे.

मुले भाषणांतून शिकतात त्यापेक्षा सत्कारांतून अधिक शिकतात. व्यासपीठावर कोण बसले आहे, हे ती बारकाईने पाहत असतात. तेथे जर दूरच्या शहरी गेलेले, मोठ्या पगारावर असलेले, मोटारीतून उतरलेले पाहुणेच दरवर्षी दिसले, तर खाली सतरंजीवर बसलेला मुलगा कोणी न सांगताच एक धडा गिरवितो : यश म्हणजे गाव सोडणे, जो गावात राहिला तो हरला. मग तोच मुलगा घरी येऊन वावरात राबणाऱ्या आपल्या बापाकडे निराळ्या नजरेने पाहू लागला, तर दोष कोणाचा?

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात हा धडा विशेष जाचतो. संत्र्याच्या व कपाशीच्या पिकावर जगणारी ही गावे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर विदर्भासह मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. सीमा बदलली, तरी शिक्षणाची, इस्पितळाची व बाजाराची वाट नागपूरचीच राहिली. नागपूर-छिंदवाडा ही छोटी गाडी २०१५ साली रुळांचे रुंदीकरण करण्यासाठी बंद होईपर्यंत आपल्या कित्येक पिढ्यांना त्या वाटेने घेऊन जात असे. त्या गाडीने गेलेल्या मुलांपैकी पुष्कळजण शिकले, स्थिरावले व तिकडचेच झाले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र जे परतले, किंवा मुळी गेलेच नाहीत आणि येथेच राहून उपयोगी पडले, त्यांची नोंद कोणी ठेवली, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

या संदर्भात 'सामुदायिक महाविद्यालय' या संस्थेचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेतील शिकागो शहराजवळ जॉलिएट या गावी १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर एक लहानसे महाविद्यालय सुरू झाले. ज्यांना दूरच्या विद्यापीठात जाणे परवडत नाही, त्यांना घरी राहून पुढचे शिक्षण मिळावे, एवढाच त्यामागील हेतू होता. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर विणावे, अशी शिफारस केली. तेव्हापासून तेथे परिचारिका, वीजतंत्री, यंत्रदुरुस्ती करणारे कारागीर, अग्निशामक दलाचे जवान असे समाजाचे नित्याचे गाडे ओढणारे लोक मोठ्या संख्येने याच महाविद्यालयांतून तयार होत आले आहेत. भारतात ही कल्पना १९९५ साली पाँडिचेरी येथे व १९९६ साली मद्रास येथे रुजली. मद्रासच्या कामात तेथील महाधर्मप्रांताचा पुढाकार होता आणि येशूसंघीय फादर झेवियर आल्फोन्स यांनी पुढे या चळवळीचा देशभर प्रसार केला. शाळा अर्धवट सुटलेल्या, पदवीच्या दारापर्यंत न पोहोचलेल्या मुलामुलींना हाताला काम देणारे शिक्षण त्यांच्याच वस्तीजवळ द्यावे, हे त्याचे सूत्र. २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगानेही अशा महाविद्यालयांची योजना हाती घेतली.

अमेरिकेतील अशी अनेक महाविद्यालये आपल्या माजी विद्यार्थ्यांचा गौरव करताना दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहतात : त्याने आपल्या व्यवसायात काय मिळविले आणि आपल्या समाजासाठी काय केले. ही पद्धत मला रास्त वाटते. जी संस्था लोकांच्या पैशाने व लोकांसाठी उभी राहिली, तिने आपल्या विद्यार्थ्याला दुसरा प्रश्न विचारला नाही, तर तिचा हिशेबच अपुरा राहील.

परंतु हा विचार केवळ परदेशांतून आला असे कोणी समजू नये. ज्या १९४७ साली अमेरिकेतील त्या आयोगाचा अहवाल निघाला, त्याच साली साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी छत्रपती शिवाजी महाविद्यालय स्थापन केले आणि 'कमवा आणि शिका' ही योजना तेथे चालविली. गरिबाच्या मुलाने शेतात, बांधकामावर श्रम करावे व त्या श्रमांच्या बळावर पदवी घ्यावी. त्यात दया नव्हती, भीक नव्हती. होता तो स्वाभिमान. भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना कराडजवळील काले या गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी केली होती. पुढे १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले, तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंक्तीला जेवत. त्या काळी ही सामान्य गोष्ट नव्हती. मुलांच्या जेवणाची ददात पडली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. आपल्या हातचे जेवलेली मुले पुढे किती मोठी झाली, हे पाहण्यास त्या उरल्या नाहीत.

भाऊरावांच्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे बॅरिस्टर पी. जी. पाटील. भाऊरावांच्या छायेत वाढलेला हा विद्यार्थी विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला. वकिलीचा झगा घालून मुंबईच्या उच्च न्यायालयात उभे राहणे त्यांना अवघड नव्हते. ते मात्र साताऱ्यास परतले, रयतेच्याच महाविद्यालयात अध्यापक व प्राचार्य झाले आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी काम पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांचे लेखन इंग्रजीत नेण्याचे कार्यही त्यांनी केले. अशा माजी विद्यार्थ्याचा सत्कार करताना 'यश' आणि 'सेवा' यांच्यामध्ये रेघ कोठे ओढावी? ज्या कार्यासाठी एका मातेने मंगळसूत्र दिले, त्यात जो वाढला, त्याने आपले आयुष्यच त्या ऋणाच्या खाती जमा केले. आज रयतेच्या शेकडो शाळा व चाळीसहून अधिक महाविद्यालये उभी आहेत. ती भाऊरावांच्या एकट्याच्या हातांनी उभी राहिली नाहीत, तर शिकून परत आलेल्या अशा अनेक हातांनी उभी राहिली.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी आपल्या या माजी विद्यार्थ्यास 'डॉक्टर ऑफ लॉज' ही सन्मान्य पदवी दिली. कोलंबियातून बाहेर पडून धनाढ्य झालेले विद्यार्थी काय थोडे असतील? पण भारताच्या राज्यघटनेच्या कामी व दलितांच्या हक्कांसाठी ज्याने देह झिजविला, त्याला बोलावून तिने आपला म्हटले. आणि ज्याला शिष्यवृत्ती मिळाली होती, त्याने स्वतः काय केले? १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेविले. आपण ज्या दारातून आत गेलो, ते दार मागच्यांसाठी उघडे ठेवणे, ही ऋणफेडीची सर्वांत सरळ रीत होय.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेत पुढील शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ साली गडचिरोलीसारख्या मागास जिल्ह्यात त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. २०१८ साली दोघांस पद्मश्री मिळाली. नागपूरच्या महाविद्यालयास त्यांचा अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु या कथेचा जो भाग मला आपणांस मुद्दाम सांगावयाचा आहे, तो निराळा आहे. गडचिरोलीतील नवजात बालके मोठ्या संख्येने दगावत होती व इस्पितळे दूर होती. तेव्हा या डॉक्टरांनी ३९ गावांत, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास अडला तर काय करावे, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखावी व इंजेक्शन कसे द्यावे, हे त्या शिकल्या. तीन वर्षांत नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण, योजना नसलेल्या गावांच्या तुलनेत, सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला. आज आपल्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करते, तिच्या त्या कामामागे या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

पद्मश्री दोन डॉक्टरांना मिळाली. पण ती बालके ज्यांच्या हातांत वाचली, त्या स्त्रिया पाच ते दहा इयत्ताच शिकलेल्या होत्या. कोणत्या शाळेने आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्यांना शोधले असेल? वर्गात कधी पहिला क्रमांक न आलेली ती मुलगी मध्यरात्री कंदील घेऊन शेजारच्या पाड्यावर गेली आणि एक जीव वाचला, हे शाळेचे यश नव्हे काय? ज्या बाईंनी तिला अक्षर शिकविले, त्यांनाही याचे समाधान लाभावयास हवे.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या शाळेचा, वसतिगृहाचा किंवा धर्मग्रामाच्या एखाद्या प्रशिक्षण-वर्गाचा महोत्सव येईल, तेव्हा सत्कारमूर्तींची निवड करणाऱ्या मंडळींनी दोन प्रश्न विचारावे. पहिला : या माणसाने आपले काम प्रामाणिकपणे व कुशलतेने केले काय? दुसरा : त्याच्या शिक्षणाचा लाभ त्याच्या घराबाहेरच्या किती माणसांना झाला? या दोन प्रश्नांच्या कसोटीवर जिल्हाधिकारी उतरला तर त्याला अवश्य शाल द्यावी. पण त्याच रांगेत बोरगावच्या कारखान्यात यंत्रांवर काम करणारा आणि रविवारी गावातल्या पोरांना वायरिंग शिकविणारा तरुण बसावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका बसावी. संत्र्याच्या बगीच्यात नवे ज्ञान वापरून ते शेजाऱ्यांपासून न लपविणारा शेतकरी बसावा. खुर्च्या सारख्या उंचीच्या असाव्या.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. संस्थेला देणगी दिली म्हणून सत्कार, किंवा सत्कार करून देणगीची अपेक्षा, हा व्यवहार टाळावा. मुलांना तो लगेच कळतो. देणगीदाराचे आभार निराळे मानावे. त्यात कमीपणा नाही. पण सेवेचा सन्मान पैशाच्या मोजपट्टीने होऊ लागला, तर गरिबाच्या सेवेला जागाच उरणार नाही.

तसेच जे दूर गेले त्यांना टोचून बोलू नये. पोटासाठी माणसाला जावेच लागते, आणि दूर राहूनही गावाच्या उपयोगी पडता येते. नागपुरात खोली करून राहिलेल्या आपल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने गावच्या एका मुलाला परीक्षेच्या काळात आसरा दिला, प्रवेशाचा अर्ज भरून दिला, रुग्णालयात आलेल्या ओळखीच्या म्हातारीसाठी दोन तास रांगेत उभा राहिला, तर तोही परतलाच म्हणावयाचा. सत्काराच्या दिवशी त्याला भाषणाबरोबर एक काम द्यावे : नववी-दहावीतील एक मूल त्याच्या स्वाधीन करावे आणि त्याचे शिक्षण पुरे होईपर्यंत त्याची विचारपूस करण्यास सांगावे. शाल पेटीत पडून राहील. हे काम वर्षानुवर्षे चालेल.

आणि आईबापांनो, याची सुरुवात समारंभाच्या मांडवात होत नाही, ती आपल्या चुलीपाशी होते. 'अमक्याचा मुलगा किती कमावतो पाहा' हे वाक्य आपल्या घरांत रोज उच्चारले जाते. त्याच्या जोडीला 'अमक्याची मुलगी किती जणांच्या उपयोगी पडते पाहा' हेही वाक्य उच्चारले जाऊ द्या. मुले दोन्ही ऐकतील. पुढे कमाई करताना त्यांना दुसरे वाक्य आठवले, तर ज्या माऊलीने परक्यांच्या लेकरांसाठी मंगळसूत्र मोडले, तिचे ऋण सातपुड्याच्या या कुशीतही थोडेसे फिटले असे मी मानीन.