सही वडिलांची, सांभाळ आज्जीचा

दिवाळीच्या आसपास बीडमधली गावं रिकामी होतात. माणसं ऊसतोडीला जातात, लेकरं मागं राहतात. त्या लेकरांना सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं नाव मात्र कुठल्याच कागदावर नसतं. त्यांना कोण सांभाळतं?

शाळेत असताना तुमच्या प्रगतिपुस्तकावर कोण सही करायचं?

माझं पाचवीचं प्रगतिपुस्तक अजून घरी लोखंडी पेटीत आहे. पहिल्या सत्राच्या रकान्यात निळ्या शाईचा अंगठा आहे, आज्जीचा. वार्षिक निकालाच्या रकान्यात वडिलांची सही आहे, कारण निकाल १ मेला लागायचा आणि तोवर आई-वडील कारखान्यावरून परत आलेले असायचे. मधले सहा महिने घरात आम्ही तिघंच. मी, धाकटा भाऊ आणि आज्जी. त्या सहा महिन्यांची नोंद म्हणजे तेवढा एक अंगठा.

बाई म्हणायच्या, “अंगठा नको, पालकांची सही आण.” मी म्हणायचे, “पालक कारखान्याला गेलेत.” वर्गात कुणी हसायचं नाही. निम्म्या वर्गाचं उत्तर तेच होतं.

कोयता गेला, लेकरं राहिली

बीडबाहेरच्या दोस्तांसाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडं ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नाही. ऊस तोडायला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घ्यायची, दसरा-दिवाळीला संसार ट्रॅक्टरमध्ये भरायचा आणि पश्चिम महाराष्ट्राकडं नाहीतर कर्नाटकाकडं निघायचं. फडाजवळ कोपी टाकायची आणि मार्च-एप्रिलपर्यंत उचल फेडायची. जिल्ह्यातून दरवर्षी अशी लाखो माणसं जातात.

मग लेकरांचं काय? वाटा तीनच. एक, सोबत न्यायचं. म्हणजे शाळा सुटली. मोठी मुलगी असेल तर ती कोपीवर धाकट्याला सांभाळणार आणि भाकरी थापणार. दोन, गावातलं हंगामी वसतिगृह किंवा सरकारी वसतिगृह. तीन, आज्जी. तीही नसेल तर मावशी, चुलती, नाहीतर नुकतंच लग्न झालेली मोठी बहीण.

आमच्या शाळेत हंगामी वसतिगृह होतं. दोन वेळचं जेवण शाळेत मिळायचं, त्यामुळं आमची आबाळ झाली नाही. पण झोपायला आम्ही घरीच. रात्री भावाला ताप आला की दवाखान्यात नेणारी आज्जीच. आई-वडील कुठल्या तरी फडात, फोनला रेंज नाही. सकाळी रेंज आली की आई विचारायची, “लेकरं बरीयत ना?” आज्जी म्हणायची, “हाव, बरीयत.” ताप उतरेपर्यंत ती तेच सांगायची.

फळ्यावरचा शब्द

मास कम्युनिकेशनला बालहक्कांचं वार्तांकन शिकवताना सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘किनशिप केअर’. आई-वडील सांभाळू शकत नसतील तेव्हा नातेवाइकांनी केलेलं मुलाचं संगोपन. सर सांगत होते की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय असावा, आधी कुटुंब, मग नातेवाईक, असं आपला बाल न्याय कायदाही मानतो. सगळे लिहून घेत होते. मला ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडणारी आज्जी दिसत होती. आयुष्यभर तिनं जे केलं त्याला एवढं भारी नाव आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वर्गातून बाहेर पडले तेव्हा मला रागही आला होता. ज्या कामाला नाव आहे, ज्याचं महत्त्व कायद्याला कळतं, ते काम करणाऱ्या बाईला आपण देतो काय? मी सहावीत असताना आज्जीच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. शिबिरात ऑपरेशन फुकट होणार होतं. आज्जी गेली नाही. का, तर दोन-तीन दिवस लेकरं कुणाकडं ठेवायची? “मे महिन्यात बघू,” म्हणाली. मेमध्ये आई-वडील आले, पण शिबिर नव्हतं. असे दोन हंगाम गेले. चुलीतला जाळ दिसत नाही म्हणून ती हात लावून बघायची. ऑपरेशन झालं तेव्हा एका डोळ्याची नजर पुरती परत आलीच नाही.

तेव्हा तिला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला ६०० रुपये मिळायचे. रेशनचं धान्य होतं, बाकी सगळं त्यातच. वह्या, साबण, भावाची चप्पल. आईनं पाठवलेले पैसे यायचे, पण उचलीतून काही उरलं तरच.

सावित्रीबाई आणि सगुणाबाई

तुम्ही म्हणाल, सरकारी योजना आहे की. आहे, आणि चांगली आहे. तिचं आजचं नाव ‘क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’. आई किंवा वडील वारलेत, दोघंही नाहीत, घटस्फोट झालाय, पालक दुर्धर आजारी आहेत किंवा तुरुंगात आहेत, अशा १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना घरातच किंवा नातेवाइकांकडंच वाढता यावं म्हणून मदत मिळते. ही मदत आधी महिन्याला ४२५ रुपये होती, मग ११०० झाली आणि २०२३ पासून २२५० रुपये आहे. आमच्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येनं किंवा कोविडनं ज्यांचे वडील गेले, अशा कितीतरी घरांना हिचा आधार होऊ शकतो.

योजनेला सावित्रीबाईंचं नाव शोभतंच. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी काशीबाई या विधवेच्या मुलाला, यशवंतला, १८७४ मध्ये दत्तक घेतलं. तो पुढं डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्याच दवाखान्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई गेल्या. हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण जोतीराव वर्षाचे व्हायच्या आतच त्यांची आई गेली आणि त्यांना वाढवलं ते नात्यातल्या, बालविधवा असलेल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. हे नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? मलाही मागच्या वर्षीपर्यंत नव्हतं. बाबासाहेबांच्या आई गेल्या तेव्हा ते लहान होते. त्यांना सांभाळलं आत्या मीराबाईंनी. नात्यातल्या बाईनं लेकरू सांभाळलं की ते आपल्याला काम वाटतच नाही. तिनं ते करायचंच असतं, असं आपण धरून चालतो.

योजनेतली फटही इथंच आहे. आमच्या आई-वडिलांचा मृत्यूचा दाखला नव्हता, देव करो नसोच. ते जिवंत होते, पण सहा महिने घरी नव्हते. वर्षातले सहा महिने पालक नसलेल्या मुलासाठी कुठल्याच अर्जात रकाना नाही. आणि जिथं रकाना आहे, तिथंही उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड, बँक खातं, घरासमोर पालकासोबत काढलेला मुलाचा फोटो, एवढं सगळं सत्तरीतल्या बाईनं एसटीनं फेऱ्या मारून गोळा करायचं.

“आपल्याच नातवंडांचे पैसे मागायचे?”

हा प्रश्न मला आज्जीनंच विचारला. लेखाबद्दल फोनवर सांगितलं तर म्हणाली, “आपल्या लेकरांना सांभाळलं, त्यात काय छापायचं? लोक हसतेल.”

तिच्या शब्दापुढं मी काय बोलणार? पण तुम्हाला सांगते. माया आज्जी फुकट देते आणि देतच राहील. तिचा हिशोब कुणी मागत नाही. पण रॉकेल, औषध, वही आणि तिचा डोळा यांना पैसे लागतात. आणि ती लेकरं सांभाळते म्हणूनच तर कोयता फडात जातो आणि गाळप होतं. कारखाना, मुकादम, सरकार, आपल्या चहातली साखर, सगळं तिच्या ओसरीवर उभं आहे.

दुसरा प्रश्न मित्रांनी विचारला. “एवढं करण्यापेक्षा वसतिगृहं बांधा ना.” बांधाच. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली, ती हवीच आहे. पण पहिलीतलं पोरगं सहा महिने तालुक्याच्या वसतिगृहात ठेवायला कुठली आई तयार होईल? भाऊ तीन वर्षांचा होता तेव्हा तो आज्जीलाच ‘आई’ म्हणायला लागला. एप्रिलमध्ये आई परत आली आणि हा आज्जीच्या लुगड्यामागं लपला. आईनं काही बोलली नाही, हंडा घेऊन आडावर गेली. बराच वेळ आलीच नाही. अशा वेळी निदान घर तरी तेच असावं लागतं.

आणि मुलींचं काय होतं तेही बघा. माझी एक वर्गमैत्रीण नववीत असताना जानेवारीत शाळेत यायची बंद झाली. लग्न झालं होतं. तिची आज्जी वाईट नव्हती. ती घाबरली होती. पोरगी वयात आलेली, घरात पुरुष माणूस नाही, काही वेडंवाकडं झालं तर लेकाला काय तोंड दाखवू, एवढाच तिचा विचार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून जास्त महिलांचं लग्न १८ व्या वर्षाआधी झालेलं होतं. त्याला कारणं बरीच आहेत. हुंडा आहे, गरिबी आहे, कोयत्याला जोडी लागते हेही आहे. पण एकट्या पडलेल्या आज्जीची भीती हेही एक कारण आहे, आणि ती भीती कमी करता येते.

फार काही नको

स्थलांतर करणाऱ्या मुलाची शाळा सुटू नये म्हणून शिक्षण हमी पत्रक देतात. तसंच एक पत्रक मागं राहिलेल्या मुलाला सांभाळणाऱ्यासाठी का नको? टोळी निघायच्या आधी ग्रामपंचायतीनं आणि शाळेनं मिळून लिहायचं, हे मूल या हंगामात अमुक बाईकडं आहे. मग शाळा, दवाखाना, बँक तिला ‘पालक आणा’ म्हणून परत पाठवणार नाही. त्याच यादीवरून आशाताई महिन्यातून एकदा घरी जातील, आज्जीचा बीपी आणि डोळेही बघतील. आणि बालसंगोपनाच्या मदतीत हंगामी स्थलांतराचा एक रकाना वाढवा.

ज्यांना आज्जीही नाही त्यांच्यासाठी आमच्या जिल्ह्यात माणसं उभी राहिली. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं ‘शांतिवन’ आहे, गेवराईत संतोष गर्जे यांचं ‘बालग्राम’, बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांचं एचआयव्हीबाधित मुलांसाठीचं ‘इन्फंट इंडिया’. त्यांचं मोल मोठं आहे. पण प्रत्येक लेकरू संस्थेच्या दारापर्यंत जायची वेळ येऊ नये, हे त्यांनाही पटेल.

आता तुमच्या-माझ्याबद्दल. वाढदिवसाला केक घेऊन एखाद्या बालगृहात जाणं आणि मुलांसोबतची स्टोरी टाकणं थांबवूया. अशा मुलांची ओळख जाहीर करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं मनाई आहे, हे मलाही पत्रकारिता शिकताना कळलं. त्याऐवजी आपल्याला येतं ते करूया. आपल्याला ऑनलाइन फॉर्म भरता येतो, पीडीएफ करता येते, तहसीलमध्ये न घाबरता बोलता येतं. माझ्या आज्जीला यातलं काहीच येत नव्हतं. गल्लीतल्या एका पोरानं एक दिवस दिला असता, तरी तिचं ऑपरेशन दोन वर्षं आधी झालं असतं.

या दिवाळीला गावी जाल तेव्हा वेशीवर ट्रॅक्टर भरताना दिसतील. हात हलवून पुढं जाऊ नका. विचारा, “लेकरं कुणाकडं ठेवलीत?” आणि मग त्या घरी जाऊन तिला विचारा, “आज्जी, तुम्हाला काय लागतं?”

गावात असं घर असेल तर…

• बालसंगोपन योजनेसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करा. मंजुरी बालकल्याण समिती देते.

• केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची महिन्याला ४००० रुपयांची मदत आहे. ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२ हजार रुपये.

• मूल अडचणीत दिसलं, बालविवाह ठरतोय असं कळलं, तर १०९८ वर फोन करा. हा क्रमांक मोफत आहे.

• अनोळखी कुणाकडून परस्पर मूल ‘दत्तक’ घेऊ नका, तो गुन्हा आहे. दत्तकासाठी ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते.