खोपोलीचे नळ

सुटी लागली कीं मुंबईपुण्याकडील कुटुंबें लोणावळ्यास जातात, धुकें पाहतात, चिक्की घेतात व परततात. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ज्या वळवणच्या तलावाकडे आपण कौतुकानें पाहतों तो विजेसाठीं बांधलेला आहे, हें मुलांस सांगणारा पालक विरळा. गेल्या पावसाळ्यांत तलाव पाहून झाल्यावर आम्ही सहकुटुंब मुद्दाम घाट उतरून खोपोलीस गेलों. ही सहल वरच्या वर संपवूं नये, असें आमचें तेव्हांपासून मत झालें आहे.

खोपोलीस डोंगराच्या अंगावरून उतरलेले प्रचंड लोखंडी नळ दिसतात. लोणावळा, वळवण व शिरवटा या तलावांचें पाणी सुमारें १,७२५ फूट खालीं येतें, त्याचा झोत चक्राच्या कडेवरील वाट्यांवर आदळतो आणि चक्राबरोबर वीज उत्पन्न करणारें यंत्र फिरूं लागतें. युक्ति पाणचक्कीचीच, थोरवी आहे ती उंचीची! जें पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेनें पूर्वसमुद्रास जावयाचें तें येथें पाताळगंगेंतून पश्चिमसमुद्रास मिळतें. मुलांनीं नकाशांत हा पालट बोटानें गिरवून पाहावा. जमशेटजी टाटांनीं ही योजना मनांत धरली, पण १९०४ सालीं ते निवर्तले. १९१० सालीं कंपनी निघाली व १९१५ सालीं वीज मुंबईच्या गिरण्यांस पोंचली. त्यापूर्वीं त्या गिरण्या कोळशावर चालत.

येथपर्यंतची कथा पालक आनंदानें सांगतात. पुढची मात्र सहसा सांगत नाहींत. टाटांच्याच दुसऱ्या वीजयोजनेसाठीं मुळशीस धरण बांधावयाचें ठरलें, तेव्हां आपलीं भातखाचरें बुडूं नयेत म्हणून मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापति' झाले ते याच लढ्यांत. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण व्हावयाचें तें झालेंच, गांवें बुडालीं, आणि १९२७ सालीं भिऱ्यास वीज निघूं लागली.

कोवळ्या मुलांस हें कशाला, असें कांहीं पालक म्हणतील. आम्हांस तें मान्य नाहीं. ज्या मुलास १,७२५ फुटांचें गणित कळतें त्यास घर बुडालेल्या कुणब्याचें दुःखहि कळतें. आणि ज्याच्या खोलींत बटण दाबतांच दिवा लागतो त्यास तर तें कळलेंच पाहिजे. कोणी चुकलें कीं नाहीं, याचा निवाडा मुलें पुढें आपापल्या बुद्धीनें करतील. वीजगृहांत शिरावयास परवानगी लागते खरी, परंतु नळ बाहेरूनहि दिसतात. आणि पुण्याहून मुळशीचा तलाव एका दिवसांत पाहून परत येतां येतें.