पाठ झाडून उठणारं पोर

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागला की सुरुवात पोरासोरांच्या जोड्यांनी होते. हलगी कडाडते, शिट्ट्या वाजतात, जिंकलेल्या पोराला कुणीतरी खांद्यावर घेतं. गर्दीतला वस्ताद मात्र हरलेल्याकडे बघत असतो. पाठीची माती झाडून ते कसं उठतं, रडवेलं होऊन बापाला शोधतं की पुन्हा जोडीदारावरच नजर लावतं, हे त्याला हवं असतं. मग तो पोराचं मनगट चाचपतो, मान दाबून बघतो आणि बापाला विचारतो, ‘‘तालमीत धाडता का?’’

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये असं पोर हेरणाऱ्याला स्काऊट म्हणतात. खेळ संपलेले कित्येक खेळाडू आधी संघ सांभाळतात, मग गावोगावची मैदानं हिंडतात. ती पगाराची नोकरी असते. आपल्याकडे हेरणं, शिकवणं, खुराकाची काळजी वाहणं, सगळं एकट्या वस्तादाच्या अंगावर.

असेच एक वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ साली लातुरातच ते महाराष्ट्र केसरी झाले, १९७२ मध्ये रुस्तुम-ए-हिंद. बेळगावात त्यांनी पैलवान सत्पालला पाडलं, ती कुस्ती जुनी माणसं अजून हातवारे करून सांगतात. त्यांचं त्याहून मोठं काम लंगोट उतरवल्यावरचं. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. बीडमधल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली वाढला.

२०११ मध्ये बिराजदार गेले. पुढे राहुलला सांभाळलं काका पवारांनी. तेही लातूरचेच, अर्जुन पुरस्काराचे मानकरी, कुस्ती थांबल्यावर पुण्यात तालीम उभारून बसलेले. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं आणि ते बिराजदारांना वाहिलं. पदक बघायला वस्ताद नव्हते, ही हुरहूर मराठवाड्यालाही लागली.

जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. एकीकडे नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसरीकडे लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे, रोज एकाच तालमीत घाम गाळणारे. त्या दिवशी वस्तादानं कुणाच्या बाजूनं ओरडायचं? हर्षवर्धन ३-२ असा जिंकला. गदा हाती यायच्या आत त्यानं शैलेशला उचलून खांद्यावर घेतलं आणि मैदानभर फिरवलं.