उकळणारा दगड आणि उसाचं इथेनॉल

आळेफाट्याहून नाशिककडे निघालं की वाटेत सिन्नरला ‘गारगोटी’ संग्रहालय लागतं. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत वाढलेले झिओलाइटचे स्फटिक तिथे काचेमागे मांडले आहेत. 1756 मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेटने असा दगड तापवला, त्यातून वाफ निघाली आणि ‘उकळणारा दगड’ या अर्थाचं नाव त्याला पडलं. पाणी धरणं आणि सोडणं हा त्याचा स्वभावच. विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याला ऊस घालणाऱ्यांनी या स्वभावाकडे लक्ष द्यायला हवं. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल किमान 99.5 टक्के शुद्ध लागतं. साध्या ऊर्ध्वपातनाची मजल मात्र 95-96 टक्क्यांपर्यंतच. पुढे कितीही उकळा, वाफेतही तितकंच पाणी येतं. ते उरलेलं पाणी डिस्टिलऱ्या झिओलाइटच्या मण्यांनी भरलेल्या टाक्यांत शोषून घेतात. पण ओले झालेले मणी सुकवायला तयार अल्कोहोलचीच वाफ खर्ची पडते आणि ती पुन्हा ऊर्ध्वपातनाला जाते. एकदा बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून मिळवलेलं अल्कोहोल दुसऱ्यांदा उकळायचं, हे मला पटत नाही.

झिओलाइटच्या पटलात हा फेरा टळतो. सच्छिद्र सिरॅमिक नळीवर केसाहून पातळ थर वाढवतात. त्याची छिद्रं सुमारे 4 अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू त्यांतून जातो, अल्कोहोलचा अडतो. नळीच्या पलीकडे निर्वात पोकळी ठेवली की पाणी ओढलं जातं, काम अखंड चालतं. जपानच्या मित्सुईने 1990च्या दशकाच्या अखेरीस असं संयंत्र औद्योगिक पातळीवर उभारलं. अडचण थर वाढवण्यात आहे. सोडियम, सिलिका आणि अॅल्युमिनाच्या गरम द्रावणात नळी बुडवून स्फटिक एकमेकांना चिकटवत न्यावे लागतात. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी अल्कोहोल निसटतं. खडकात सापडणारा नैसर्गिक झिओलाइट इथे चालत नाही, आम्लही या थराला सोसत नाही. म्हणून तो आंबवणाच्या रसाला न लावता ऊर्ध्वपातनानंतरच्या स्पिरिटलाच लावायला हवा. पटलं महाग आहेत, हा आक्षेप खरा आहे. पण झिओलाइटवर दशकानुदशकं काम केलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुण्यात आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. नळ्या इथेच घडवल्या तर किमतीवर आपला हात राहील.

‘सरकारी धोरणाचा भरवसा काय?’ असंही विचारलं जातं. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले, पुढच्या वर्षी उठले. धोरण डळमळतं तेव्हाच खर्च कमी असलेला कारखाना तग धरतो; वाचलेली वाफ म्हणजे वाचलेलं बगॅस, आणि त्यापासून वीज होते. चालू टाक्या न काढता एका सहकारी डिस्टिलरीत स्पिरिटचा छोटा प्रवाह हंगामभर अशा नळ्यांतून जाऊ द्यावा. वाफ किती लागली, अल्कोहोल किती निसटलं, किती नळ्या निकामी झाल्या, हे आकडे वार्षिक सभेत सभासदांसमोर ठेवावेत.