नावाची किल्ली कोणाच्या हाती?

सहकारी लेखनाच्या संकेतस्थळांवर राबणाऱ्याला वेतन नसते. त्याच्या पदरी पडते ते केवळ नाव. विकिपीडियासारख्या ठिकाणी केलेली प्रत्येक दुरुस्ती पानाच्या इतिहासात त्या नावापुढे नोंदली जाते, आणि त्या नोंदींच्या बळावरच पुढे त्याच्या शब्दाला वजन येते. म्हणूनच त्या नावाने आत शिरण्याची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याजोगा नाही.

२००५ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी मांडलेल्या ओपनआयडी योजनेचे मर्म या दृष्टीने लक्षात घेतले पाहिजे. माणसाची ओळख म्हणजे त्याचा एक वेबपत्ता. संकेतस्थळाने परवलीचा शब्द विचारायचा नाही. तो पत्ता ज्या ओळखदात्याकडे बोट दाखवील त्याच्याकडे विचारणा करायची, आणि त्याने स्वाक्षरीनिशी ग्वाही दिली की दार उघडायचे. ओळखदाता होण्यास कोणाची परवानगी लागत नसे. मिडियाविकी प्रणालीसाठी झालेल्या जोडणीत जुन्या सदस्याला आपले सदस्यनाव कायम ठेवून त्याला अशी ओळख जोडता येई. विकेंद्रीकरणाचे तत्त्व येथे कागदावर तरी पूर्णतया उतरले होते.

व्यवहारात मात्र वेगळेच घडले. स्वतःच्या मालकीचा वेबपत्ता असणाऱ्याला ओळखदाता बदलूनही ओळख टिकवता येत होती; परंतु असा पत्ता विकत घेऊन सांभाळणारे थोडे. बहुसंख्यांनी कोणा कंपनीच्या अंगणातला पत्ता स्वीकारला. ती कुळाचीच स्थिती होय, आणि तीही कुळकायद्याच्या संरक्षणाविना! १ फेब्रुवारी २०१४ रोजी मायओपनआयडी ही सेवा बंद झाली. २०१५ च्या एप्रिलमध्ये गूगलने ओपनआयडीची जुनी पद्धत थांबवली. ज्यांच्या सदस्यनावाला तेवढी एकच ओळख जोडलेली होती, त्यांचे वर्षानुवर्षांचे काम जागच्या जागी राहिले, पण त्या कामाच्या धन्यालाच दार बंद होण्याची वेळ आली.

विकिपीडियाने निराळी वाट धरली. तिच्या निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्यांसाठी एकच खाते ही व्यवस्था २००८ मध्ये सुरू होऊन २०१५ मध्ये पुरी झाली. २००३ पासून चालणारी मराठी आवृत्तीही तिच्यात आली. एकाच नावाचे दोन धनी निघाले तेथे एकाला नाव सोडावे लागले. हे केंद्रीकरणच आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ते नफ्याविना चालणाऱ्या संस्थेचे आहे, आणि तेथील निर्णयांवर सदस्यांना उघड चर्चा करता येते, हा फरक लहान नव्हे.

ज्यांना बाहेरच्या ओळखी स्वीकारायच्या असतील त्यांनी एका सदस्यनावाला अनेक ओळखी जोडू द्याव्यात, आणि शेवटची ओळख तोडण्यापूर्वी दुसरी वाट तयार आहे ना, हे पाहावे. जोडणी जाहीर करायची की नाही, हे सदस्याच्या इच्छेवर असावे. टोपणनावाने लिहिणारा शिक्षक किंवा सरकारी नोकर आपल्या वरिष्ठांविषयीच्या लेखात खरी माहिती घालत असेल, तर त्याच्या सदस्यपानावर झळकणारा खासगी वेबपत्ता त्याच्या पोटावर पाय आणण्यास पुरेसा आहे.