वीज हवी अन् वटवाघळंही! पवनचक्क्यांवर तोडगा आहे, पण मागणार कोण?

साताऱ्याचं चाळकेवाडी पठार असो, धुळ्याचा ब्राह्मणवेल परिसर असो की सांगलीचा ढालगाव पट्टा, पवनचक्क्या आता कुणाला नवीन नाहीत. राज्याची पवनऊर्जा क्षमता ५ हजार मेगावॉटच्या घरात आहे. कोळसा न जाळता वीज मिळते, हे चांगलंच. पण रात्री फिरत्या पात्यांचा फटका बसून वटवाघळं मरतात, ही बाजू गावात फारशी बोलली जात नाही.

शेतकऱ्याचं काय बिघडतं?
लहान वटवाघळं रात्रभर किडे खातात. त्यात पिकावर अंडी घालणारे पतंगही आले. फवारणीचा खर्च सगळे मोजतात, फुकटात राखण करणारा हा गडी मात्र कुणाच्याच हिशेबात नाही. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. त्यामुळे एकदा घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही.

मग चक्क्या बंद करायच्या?
तशी गरज नाही. वटवाघळं जास्त उडतात ती मंद वाऱ्याच्या रात्री. तेव्हा वीजही नावालाच बनते, कारण वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्याची ताकद आठव्या हिश्शावर येते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात २००८ आणि २००९ मध्ये हेच करून पाहिलं. वारा सेकंदाला किमान ५ मीटर होईपर्यंत रात्री चक्क्या थांबवल्या. वटवाघळांचे मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले. वर्षाच्या विजेत तूट आली जेमतेम १ टक्का.

आपल्याकडे गाडं कुठं अडतं?
पर्यावरण परिणामाच्या २००६ च्या अधिसूचनेत पवनचक्क्या येतच नाहीत. त्यामुळे त्या कायद्यातली जनसुनावणीही होत नाही. परदेशातले आकडे इथं जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हेही खरं. पण आपली बरीचशी पवनवीज पावसाळ्यातल्या जोराच्या वाऱ्यावर बनते. इतर महिन्यांतल्या मंद रात्री काही तास पाती थांबली, तर मोठा तोटा व्हायचं कारण दिसत नाही.

पहिलं काम मोजणीचं. चक्कीखाली मेलेली वटवाघळं दिसली तर उघड्या हातानं उचलू नयेत. तारीख टाकून फोटो ठेवावा, वनविभागाला कळवावं. कंपनी ठराव मागायला गावात येते, तेव्हा भाडं आणि नोकरीसोबत ही अटही ग्रामसभेनं पुढं ठेवायला हरकत नाही.